घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस कधी आणि कुठे पडेल, हे कसे ओळखावे

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एका दिवसात दोनशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडणे ही जवळजवळ दर पावसाळ्यातली गोष्ट आहे, आणि तरीही प्रत्येक वेळी बातमीत ‘अचानक’ हा शब्द येतोच. वास्तविक अशा पावसात अचानक असे फार थोडे असते. डोंगर जागचा हलत नाही, त्याची दिशा आणि त्याचा उतार नकाशावर छापलेला असतो. बदलतो तो वारा, आणि वाऱ्याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी मिळू शकतो. पाऊस कुठे पडणार हे बहुतांशी डोंगर ठरवतो आणि किती पडणार हे बहुतांशी वारा ठरवतो, एवढे सूत्र हाताशी धरले, तर घाटाच्या पायथ्याशी राहणारा शेतकरी, धरणाखालच्या गावचा सरपंच, डोंगरभटक्यांच्या गटाचा प्रमुख किंवा भूगोलाचा शिक्षक यांपैकी कोणालाही घाटातल्या जोरदार पावसाचा ढोबळ अंदाज स्वतः बांधता येतो. हा अंदाज हवामान विभागाच्या इशाऱ्याला पर्याय नव्हे. संपूर्ण जिल्ह्याला दिलेल्या इशाऱ्याचा आपल्या खोऱ्यापुरता अर्थ काय, हे समजून घेण्याचे ते साधन आहे.

त्यासाठी साहित्य फारसे लागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, ज्यावर दर २० मीटरला समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) असतात, आलेखाचा कागद, ८५० हेक्टोपास्कल (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचे एकक) पातळीवरील वाऱ्याचा अंदाजी नकाशा, जो इंटरनेटवर सहज पाहता येतो, आपल्या परिसरातील पर्जन्यमापकांचे रोजचे आकडे, आणि शक्य असल्यास स्वतःचा एक पर्जन्यमापक.

हवा वर चढते तेव्हा

शाळेच्या पुस्तकात या पावसाला ‘प्रतिरोध पर्जन्य’ म्हणतात आणि ढग डोंगराला अडतात व पाऊस पडतो असे थोडक्यात सांगितले जाते. ते चित्र अपुरे आहे. अडण्याने पाऊस पडत नाही. हवा वर ढकलली जाण्याने पडतो, आणि जिथे हवा खरोखरच अडून राहते तिथे घाटावर पाऊस उलट कमी होतो. हा फरक आधी नीट समजून घ्यावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

समजा, जुलैमधल्या एखाद्या दिवशी कोकण किनाऱ्यावर तापमान २८ अंश सेल्सिअस आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, २५ अंश आहे. ही हवा डोंगराच्या उताराने वर चढू लागली, की दर १०० मीटरला ती सुमारे १ अंशाने थंड होते, आणि त्याच वेळी तिचा दवबिंदूही थोडा खाली सरकतो. या दोन्हींचा मेळ घातला, तर तापमान आणि दवबिंदू यांच्यातील फरकाच्या प्रत्येक अंशामागे हवेला सुमारे १२५ मीटर चढावे लागते, तेव्हा ती संपृक्त होते, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावत नाही. इथे फरक ३ अंशांचा आहे, म्हणजे सुमारे ३७५ मीटर उंचीवर ढगाचा तळ तयार होईल. पावसाळ्यात कोकणातून सह्याद्रीकडे पाहिले, की ढग कड्याच्या निम्म्याहून खाली उतरलेले दिसतात, ते यामुळेच.

या तळाच्या वर हवा चढत राहिली, की बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि हवा तितक्या वेगाने थंड होत नाही. दर किलोमीटरला तापमान ४ ते ५ अंशांनीच उतरते. या एका किलोमीटरच्या चढाईत प्रत्येक किलो हवेतून सुमारे अडीच ग्रॅम पाणी बाहेर पडते. अडीच ग्रॅम हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण वारा दिवसभर नवी हवा आणून उतारावर घालत असतो, आणि तीच या पावसाची खरी ताकद आहे. माथा ओलांडल्यावर हवा खाली उतरते, दाबली जाऊन तापते, उरलेले ढग विरू लागतात आणि पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो.

आपल्या घाटाचा छेद काढणे

आता नकाशावर आपल्या गावातून जाणारी पश्चिम-पूर्व रेषा आखावी. पश्चिमेचे टोक कोकणात आणि पूर्वेचे टोक माथ्याच्या पलीकडे निदान ४० किलोमीटरवर असावे. रेषा जिथे जिथे समोच्च रेषेला छेदते तिथली उंची आलेखाच्या कागदावर मांडत गेले, की डोंगराचा आडवा छेद मिळतो. समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटून येतात तिथे कडा आहे, आणि कड्याच्या वरच्या कडेपासून पश्चिमेकडचा पाच-दहा किलोमीटरचा पट्टा व पूर्वेकडचा तेवढाच पट्टा हा सर्वाधिक पावसाचा टापू समजावा.

या छेदावर पर्जन्यमापकांचे सरासरी आकडे मांडले, की एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे: पाऊस उंचीवर अवलंबून नसून हवा किती चढते यावर अवलंबून असतो. महाबळेश्वर आणि पाचगणी यांचे उदाहरण घ्यावे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि पाचगणी त्याच्यापेक्षा जेमतेम साठ-सत्तर मीटरने खाली; दोन्हींमधले रस्त्याचे अंतर २० किलोमीटरही नाही. उंचीच पाऊस ठरवत असती, तर दोन्हीकडे जवळपास सारखा पाऊस पडायला हवा होता. प्रत्यक्षात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि पाचगणीचा पसरणीचा घाट उतरून वाईला आले की आकडा हजाराच्याही आत येतो. कारण छेदावर उघड दिसते. पोलादपूर ते महाबळेश्वर हे हवाई अंतर सुमारे २० किलोमीटर आहे आणि तेवढ्यात हवेला सुमारे १,३०० मीटर चढावे लागते. महाबळेश्वरहून पाचगणीला जाणाऱ्या हवेला मात्र चढायचे काहीच उरलेले नसते.

मग पाचगणीला जो पाऊस पडतो तो कुठला? बराचसा वाऱ्याबरोबर वाहून आलेला. तीन किलोमीटर उंचीवरून सेकंदाला ३ मीटर वेगाने खाली येणाऱ्या बारीक थेंबाला जमिनीवर पोहोचायला सुमारे १,००० सेकंद लागतात, आणि वारा सेकंदाला १५ मीटर वेगाने वाहत असेल तर तेवढ्या वेळात तो थेंब १५ किलोमीटर पूर्वेकडे सरकतो. मोठा थेंब दुप्पट वेगाने पडतो, म्हणून तो सात-आठ किलोमीटरच्या आतच जमिनीला लागतो. माथ्यापलीकडे मोठ्या थेंबांच्या सरी झपाट्याने कमी होतात आणि बारीक झडीचा पाऊस मात्र बराच आतपर्यंत येतो, तो असा. वारा जोराचा असलेल्या दिवशी ही झड नेहमीपेक्षा पुढे जाते, हे मावळातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आंबोलीचा दाखलाही याच बाजूचा आहे. ती सुमारे ७०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीवर असूनही तिथली वार्षिक सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास जाते. कर्नाटकातील आगुंबेही असेच मध्यम उंचीचे आणि अतिपावसाचे ठिकाण आहे. म्हणून ‘आमचे गाव फार उंच नाही’ या विचारावर विसंबून राहू नये. गावाच्या पश्चिमेला कडा किती सरळ उभा आहे ते पाहावे.

छेदाबरोबर आराखडाही पाहावा. कडा पश्चिमेकडे तोंड करून नालाच्या आकारात आत वळलेला असेल, किंवा समुद्राकडून येणारे रुंद खोरे डोंगराशी येऊन निमुळते होत असेल, तर वारा तिथे एकवटतो आणि हवा अधिक जोराने वर जाते. सावित्री, कुंडलिका, वाशिष्ठी या नद्यांची खोरी अशीच डोंगराला भिडतात. वर्तमानपत्रांत ‘घाटमाथा’ या मथळ्याखाली ताम्हिणी, दावडी, डुंगरवाडी, शिरगाव, भिरा, लोणावळा, वळवण, कोयना अशी तीच ती नावे येत राहतात, त्यात योगायोग नाही. याउलट केरळ आणि तमिळनाडू यांच्यामधल्या पालघाट खिंडीत, जिथे सुमारे ३० किलोमीटर रुंदीची वाट मोकळी आहे, वारा न चढताच पलीकडे निघून जातो.

वाऱ्याचा नकाशा वाचणे

छेद एकदाच काढायचा असतो. वारा रोज पाहायचा. ८५० हेक्टोपास्कल ही पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटरवर, म्हणजे आपल्या माथ्याच्या जरा वर असते, आणि मोसमी वाऱ्याचा खालच्या थरातला वेगवान झोतही साधारण याच उंचीवर वाहतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून सोमालियाजवळून अरबी समुद्रात शिरणाऱ्या या झोताचे सविस्तर वर्णन जॉन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये केले. या झोताचा जोर महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे वळला आहे की केरळकडे, हे नकाशावर आधी पाहावे.

त्यानंतर दिशा. आपला डोंगर साधारण उत्तर-दक्षिण पसरला आहे, म्हणून नेमका पश्चिमेकडून येणारा वारा त्याला काटकोनात धडकतो आणि त्याचा पूर्ण वेग कामी येतो. वारा नैर्ऋत्येकडून ४५ अंशांत आला, तर वेगाचा सुमारे ७० टक्के भागच डोंगर चढतो. बाकीचा कड्याला समांतर निघून जातो. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये दिलेला असतो, तो निम्मा केला की सेकंदाला मीटर असा वेग मिळतो. ३० नॉट म्हणजे सुमारे १५ मीटर. नकाशावर कोकणाच्या किनाऱ्याला २५ ते ३० नॉटांचा पश्चिम वारा सलग चोवीस तास दाखवला असेल, तर घाटासाठी तो इशाराच समजावा.

वारा मंद असला तर चित्र पालटते. हवा स्थिर, म्हणजे आपोआप वर न उठणारी असताना १,००० मीटरचा डोंगर ओलांडण्यासाठी वाऱ्याला साधारण २० नॉटांचा वेग लागतो. त्याहून कमी वेगात खालच्या थरातील हवा डोंगरापुढे तुंबते, मागून येणारी हवा त्या तुंबलेल्या हवेवर चढते आणि पावसाचा जोर घाटाऐवजी किनाऱ्यावर किंवा थेट समुद्रावर सरकतो. मुंबई-अलिबागला धो धो पाऊस आणि लोणावळ्यात जेमतेम भुरभुर, असे दिवस येतात त्यामागे अनेकदा हेच असते.

आणखी दोन खुणा शोधाव्यात. दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असल्याचा उल्लेख हवामान विभागाच्या रोजच्या निवेदनात असेल, तर कोकण आणि घाट दोन्हींकडे पाऊस वाढतो. उत्तर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असे सरकू लागले, तर अरबी समुद्रावरचा पश्चिम वारा ओढला जाऊन जोर धरतो. ही दुसरी खूण मला अधिक मोलाची वाटते, कारण ती एक-दोन दिवस आधी दिसते आणि तेवढ्यात गाव सावध करता येतो.

ढोबळ हिशेब

आता आकडे मांडू. पोलादपूर-महाबळेश्वर छेदावर सेकंदाला १५ मीटर वेगाचा पश्चिम वारा आहे आणि खालचा एक किलोमीटर जाडीचा थर माथ्यावर चढतो आहे असे धरावे. एक मीटर रुंदीच्या पट्टीतून दर सेकंदाला १५ × १,००० घनमीटर हवा जाते. घनमीटरचे वजन सुमारे १.१ किलो, म्हणजे १६,५०० किलो हवा. किलोमागे अडीच ग्रॅम पाणी सुटले, तर सेकंदाला सुमारे ४१ किलो पाणी. हे पाणी ३० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरून पडते असे धरले, तर तासाला सुमारे ५ मिलिमीटर आणि चोवीस तासांत सुमारे १२० मिलिमीटर पाऊस होतो.

हवामान विभागाच्या मोजणीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति जोरदार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. म्हणजे आपल्या हिशेबातला दिवस अति जोरदार वर्गाच्या उंबरठ्यावर आहे. तोच वारा नैर्ऋत्येचा झाला तर पाऊस सुमारे ८४ मिलिमीटरवर येतो, आणि पश्चिमेचाच राहून निम्मा झाला तर, हवा डोंगरापुढे तुंबली नाही असे धरून, ६० वर. वारा आणि पाऊस यांचे नाते किती सरळ आहे, हे यावरून दिसते. चढणारा थर दोन किलोमीटर जाडीचा असेल तर आकडा दोनशेच्या आसपास जाईल. आर. पी. सरकार यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम घाटासाठी याच तत्त्वावर, पण अर्थातच कितीतरी अधिक काटेकोर गणित मांडले, आणि पाऊस माथ्याच्या थोडा पश्चिमेला सर्वाधिक होऊन पुढे झपाट्याने उतरतो हे दाखवले.

या हिशेबाची मर्यादा ध्यानात ठेवावी. २२-२३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस केवळ चढाईतून येत नाही. उतारावर सुरू झालेल्या ढगांना बाष्पाच्या उष्णतेने आणखी उचल मिळून ते दहा-बारा किलोमीटर उंच वाढतात, आणि वरच्या हवेतली स्थिती त्यांना तिथेच धरून ठेवते. म्हणून आपला आकडा हा दिवसभराच्या संततधारेचा पाया समजावा; कमी दाबाचा पट्टा किंवा क्षेत्र जोडीला असेल, तर प्रत्यक्ष पाऊस त्याच्या दुप्पट-तिप्पट होण्याची तयारी ठेवावी.

डोंगराचा संबंध नसलेला मुसळधार पाऊसही असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहरातल्या कुलाब्याला अवघा ७३. इतका तीव्र फरक या छेदाच्या हिशेबाने सांगता येणार नाही.

उपग्रह आणि रडार पाहताना

उपग्रहाच्या चित्रात ढगमाथा जितका थंड, तितका पाऊस जास्त असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पण घाटाच्या बाबतीत ही समजूत घात करू शकते. घाटावरचे पुष्कळ ढग फार उंच नसतात. त्यांचा माथा गोठणपातळीच्या, म्हणजे हवेचे तापमान शून्य अंशावर येते त्या उंचीच्या, आसपासच राहतो आणि तरीही त्यांतून तासन्‌तास पाऊस पडतो. चित्रात ते फिकट करड्या रंगाचे, निरुपद्रवी दिसतात. रडारची किरणेही अंतराबरोबर जमिनीपासून उंच जातात आणि डोंगरामागचा भाग त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे मुंबईच्या रडारवर घाटामागच्या खोऱ्यातला पाऊस कमी दिसला म्हणून तो कमीच आहे असे मानू नये. घाटासाठी जमिनीवरचा पर्जन्यमापक हाच शेवटचा पुरावा.

स्वतः मोजणे

पर्जन्यमापक विकत घ्यावा किंवा सरळ बाजूंचे, तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे भांडे वापरावे; भांड्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मोजणी रोज सकाळी साडेआठला करावी, कारण हवामान विभागाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा असतो, आणि आज सकाळचा आकडा म्हणजे कालच्या दिवसाचा पाऊस हे नोंदवहीत स्पष्ट लिहावे. झाड, भिंत, घर यांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवावे.

घाटमाथ्यावर जागा निवडताना मात्र विशेष जपावे लागते. नाणेघाटात किंवा सडावाघापूरला कड्यावरून पडणारे पाणी वारा उलटे फेकतो, ते पाहायला लोक गर्दी करतात. जिथे वारा धबधबा परतवतो, तिथे कड्याच्या काठावर ठेवलेल्या भांड्यात तिरपे आणि वर उडणारे थेंब शिरणारच नाहीत आणि पाऊस प्रत्यक्षापेक्षा बराच कमी मोजला जाईल. भांडे काठापासून आत, थोड्या आडोशाच्या पण मोकळ्या जागी, जमिनीपासून फार उंच नसेल असे ठेवावे.

नोंदवहीत प्रत्येक दिवसासमोर वाऱ्याचा वेग, दिशा, आपला अंदाज, स्वतःचा आकडा आणि घाटमाथ्यावरच्या जवळच्या केंद्राचा आकडा असे रकाने करावेत. काही आठवड्यांतच आपल्या खोऱ्याची प्रवृत्ती कळू लागते: कोणत्या दिशेच्या वाऱ्यात आपल्याकडे अंदाजापेक्षा जास्त पडतो, कोणत्या वाऱ्यात शेजारचा डोंगर आपल्याला झाकतो.

अंदाजाचा उपयोग

या नोंदीत आणखी एक रकाना असायलाच हवा, मागील तीन दिवसांच्या एकूण पावसाचा. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, या तिन्ही दुर्घटना मुसळधार पावसात, डोंगरउताराच्या कुशीतल्या वस्त्यांवर झाल्या. आधीच्या दिवसांत मुरलेल्या पाण्याने उतार जड आणि सैल झालेला असतो, आणि त्यानंतरचा शंभर मिलिमीटर पाऊस कोरड्या उतारावरच्या शंभरपेक्षा कितीतरी घातक ठरतो. मागील तीन दिवसांची बेरीज मोठी आहे, पश्चिम वारा ३० नॉटांच्या पुढे आहे आणि तो आणखी चोवीस तास टिकणार आहे, असे तिन्ही एकत्र आले तर उताराखालच्या घरांनी रात्र होण्याआधी, उजेड असताना हलावे. जमिनीला नवी भेग, झरा गढूळ होणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे यांपैकी काही दिसले, तर आकड्यांची वाट पाहू नये.

पुराचा वेळ डोंगराच्या कोणत्या बाजूला आपण आहोत यावर ठरतो. पश्चिमेच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. घाटात पडलेले पाणी काही तासांत खाली येते, आणि त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर ते लवकर ओसरतही नाही, म्हणून चिपळूण-महाडकडच्या माणसाने पावसाच्या अंदाजाशेजारी भरतीची वेळही लिहून ठेवावी. पूर्वेकडे तेच पाणी धरणांत अडते, कृष्णा-कोयनेचा कराडला संगम होतो, आणि सांगलीत पाणी चढायला एखादा दिवस किंवा अधिक लागतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतला स्थानिक पाऊस पाहून पाण्याचा अंदाज येण्यासारखा नव्हता. सांगलीकराने स्वतःच्या अंगणातल्या भांड्यापेक्षा महाबळेश्वर आणि कोयना धरणाजवळची नवजा व कोयनानगर यांचे आकडे आणि धरणातून सोडलेला विसर्ग रोज सकाळी नोंदवावा.